दोन मिलीमीटरची भिंत

जागा आधी पाहून घेऊ.

जळगाव जिल्ह्याचा दक्षिण काठ. चाळीसगाव मागे राहिले. कपाशीची शेते विरळ होत आली. समोर अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे आणि तिच्या कड्यांवर पट्टे आहेत. काळा, करडा, पुन्हा काळा.

हे पाटणे. पाटणादेवीचे पाटणे.

इथे लोक देवीला येतात. काही जण भास्कराचार्यांच्या ओढीने येतात. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख त्याची साक्ष देतो. आठशे वर्षे झाली. खानदेशात आपण तेवढ्यालाच फार जुने म्हणतो.

आज त्याहून खूप खाली उतरू. उतरायचे ते बसल्या जागी.

पाठ टेका, किंवा टेकू नका. हात मांडीवर सैल असू द्या. डोळे मिटले तरी चालतील, उघडे असले तरी चालतील.

एक श्वास आत येतो. येऊ द्या.

जातो. जाऊ द्या.

पुन्हा कड्याकडे पाहा.

एकेक पट्टा म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो पसरला, थिजला, मग त्याच्यावर दुसरा आला. सगळा खानदेश याच कातळावर बसला आहे. धुळ्याकडे गेलात तर तोच काळा दगड लांबच लांब उभ्या भिंती होऊन जमिनीवर आलेला दिसतो. भेगांत शिरला आणि तिथेच थिजला, तो लाव्हा.

उकळत्या लाव्हात हाड टिकत नाही. प्राण्यांविषयी या कातळाला काही विचारू नका. नुसते पाहा.

त्याच्या पोटात मात्र बुडबुडे राहून गेले. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपत राहिले, आणि फार सावकाश, गारा भरत गेल्या. कॅल्सेडनी. जास्पर. पांढरट, तांबूस, पिवळसर.

हे दगड ध्यानात असू द्या. यांच्यातला एक पुढे कोणीतरी उचलणार आहे.

आता नजर खाली आणा. घाई नाही.

कडा. कड्याखालची झाडी. झाडीतून येणारा ओढा. ओढ्याचा काठ.

काठाशी जमीन कापली गेली आहे. कापलेल्या जागी तिचे थर उघडे पडले आहेत. माती, वाळू, खडी, मध्येच चुनखडीचे पांढरे खडे. हा कातळ नव्हे. पाण्याने आणलेला, वाऱ्याने आणलेला, डोंगरावरून घरंगळत आलेला ऐवज आहे. लाव्हाने सगळे एकदम झाकले. याने एकेक चिमूट झाकले.

१९७२-७३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले. सुमारे दहा मीटर जाडीचा गाळ. तळाशी मध्य पुराश्मयुगाची हत्यारे, त्यावर उत्तर पुराश्मयुगाची, आणि वर मध्याश्मयुगातली नखाएवढी पाती. एकाच जागी असा सलग क्रम महाराष्ट्रात क्वचितच हाती लागतो.

अभ्यासक या क्रमासाठी पाटण्याचे नाव घेतात. मला पाटणे आठवते ते एका तुकड्यासाठी.

त्या तुकड्यापाशी आपल्याला थांबायचे आहे.

बराच वेळ.

उजवा तळहात वर करा. जरा खोलगट करा.

तुकडा त्यात ठेवला आहे असे समजा. खऱ्याला कोणी हात लावू देणार नाही. मनातल्याला हरकत नाही.

आधी वजन. आहे, पण फार नाही.

मग स्पर्श. आतली बाजू थोडी खरबरीत. बाहेरची गुळगुळीत, पण पूर्ण गुळगुळीत नाही. बोटाच्या टोकाला बारीक बारीक खळगे लागतात.

मग जाडी. सुमारे दोन मिलीमीटर. जाड बशीच्या काठाएवढी.

मग बाक. तुकडा सपाट नाही. किंचित वळलेला आहे.

या बाकावर थांबा.

बाक जिथे थांबतो तिथून पुढे तो मनाने चालू ठेवा. एका बाजूला. दुसऱ्या बाजूला. वर. खाली. वळत वळत त्याला स्वतःला येऊन मिळू द्या.

हातात अंडे आले आहे.

एका हातात मावत नाही. दुसरा हात खाली धरा. सुमारे पंधरा सेंटीमीटर लांब. भरलेले असेल तर साधारण दीड किलो. कोंबडीची दोन डझन अंडी याच्यात बसतील.

असे अंडे घालणारा पक्षी आज जगात एकाच गटात उरला आहे. शहामृग.

जळगाव जिल्ह्यात. चाळीसगाव तालुक्यात.

हे वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणा आणि आश्चर्य वाटले तर वाटू द्या. ते आवरायची गरज नाही.

आता पुन्हा त्या खळग्यांकडे येऊ.

खळगे पाहा. त्यांच्यात छिद्रे आहेत. कवचाच्या जाडीतून आरपार जाणारी, डोळ्यांना जेमतेम कळणारी. या छिद्रांतून हवा आत जाते. आतली हवा बाहेर येते. आत पिल्लू वाढत असते तेव्हा त्याला दुसरी वाट नसते.

अंडे श्वास घेते.

तुम्हीही घ्या.

आत. दोन मिलीमीटरच्या भिंतीतून, वाट शोधत, हवा आत येते.

बाहेर. त्याच वाटेने परत.

आत.

बाहेर.

छाती मुद्दाम फुगवू नका. अंड्याला छाती नाही. हवा आपली आपण जाते आणि येते. जेवढी लागते तेवढीच.

अंडे जमिनीवर आहे. खाली उथळ खड्डा आहे, पायाने उकरलेला. घरटे म्हणतात ते एवढेच. शहामृगाच्या पायाला दोनच बोटे असतात; त्या दोन बोटांनी माती मागे सारली आणि झाले. एकाच खड्ड्यात बऱ्याचदा अनेक माद्या अंडी घालतात. आपल्या अंड्याच्या शेजारी दुसरी आहेत. किती ते मोजू नका.

दिवस आहे. मादी बसली आहे. तिची पिसे मातकट, करडी. दुरून पाहिले तर जमीनच थोडी उंच झाली आहे असे वाटावे.

ऊन. खानदेशातले ऊन. ते तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

आजूबाजूला गवत आहे. तेव्हाचा काळ आजच्याहून कोरडा होता. हिमयुगाचा उत्तरार्ध. इथे बर्फ नव्हता, पण पाऊस मागे सरत चालला होता, आणि कोरड्या मोकळ्या माळांचे पक्षी इथवर पसरलेले होते. ना केळीची बाग, ना कपाशी, ना बांध. वारा येतो तेव्हा गवताला मध्ये कुठे अडसर नाही.

गवताचा आवाज ऐका.

संध्याकाळ होते. मादी उठते. नर येतो.

त्याची पिसे काळी आहेत. तो बसतो आणि रात्रीत मिसळून जातो. शहामृगांची ही पाळी ठरलेली असते: दिवसा करडी, रात्री काळा. सुमारे बेचाळीस दिवस.

त्याच्या पोटाखाली ऊब आहे. अंड्याला ती सगळीकडून मिळते.

तुमच्या तळहातांतली ऊब पाहा. आहे ना? तिच्यात काही वाढवू नका.

श्वास आत.

श्वास बाहेर.

सामान्यतः इथे लोक विचारतात, बाकीचे प्राणी कुठे होते? होते. डोंगररांगेच्या पलीकडे गोदावरी आणि प्रवरेच्या जुन्या गाळात, काळेगावला, नेवाशाला, प्रचंड शिंगांच्या रानबैलाची हाडे मिळाली आहेत. तोही याच मोठ्या काळातला. पण आज आपण त्याच्यामागे जाणार नाही. एका ध्यानाला एक प्राणी पुरे.

अंड्याजवळच राहू.

आता कान द्या. बाहेर नको, आत.

शहामृगाचे पिल्लू कवच फोडण्याआधीच आवाज देते. आतून. अजून उजेड पाहिलेला नाही, आणि बोलते. बाहेर बसलेल्याला ते ऐकू येते. शेजारच्या अंड्यांतल्यांनाही.

तो आवाज कसा असेल याची कल्पना करू नका. ज्या जागी तो ऐकू आला असता ती जागा फक्त मोकळी ठेवा.

थोडा वेळ काहीच करू नका.

भिंतीविषयी आणखी एक गोष्ट आहे.

मादीने गवत खाल्ले. पाने, बिया, रानफळे खाल्ली. गवताने हवेतून कार्बन घेतला होता. तो तिच्या पोटात गेला, रक्तात गेला, आणि चुन्यासोबत कवचात येऊन बसला. माळावरचा वारा असा फिरून फिरून भिंत झाला.

त्या कार्बनमधला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो. पक्षी जिवंत असेपर्यंत तो भरत राहतो. कवच तयार झाले की भरणे थांबते, आणि तो ओसरू लागतो. साधारण ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. मग त्याच्या निम्मा.

आपणही ओसरू या. एका उच्छ्वासाला एक निम्मे.

श्वास आत. आणि बाहेर सोडताना: निम्मे. भास्कराचार्यांचा काळ याच पहिल्या श्वासात मागे गेला. तापी-गिरणेच्या काठावर ताम्रपाषाणयुगात माणसे घरे बांधून राहिली, तेही याच श्वासात मागे गेले.

आत. बाहेर: पाव. आता इथे कुठेच शेत नाही. नांगर नाही. पेरलेले एकही बी नाही.

आत. बाहेर: पावाचे निम्मे.

आत. बाहेर: त्याचेही निम्मे.

आणखी थोडा श्वास सोडा. तळापर्यंत.

इथे.

पाटण्याच्या कवचाचे वय प्रयोगशाळेने असेच, उरलेल्या कार्बनवरून, काढले. सुमारे २५,००० वर्षे. सुरुवातीच्या मानाने जेमतेम विसावा हिस्सा उरला होता. तेवढ्यावर तारीख लागली.

या खोलीवर थोडा वेळ राहा. श्वास आपला आपण परत येईल.

आता तुकडा फिरवा.

बाहेरची बाजू वर करा. उजेड तिरपा पडू द्या. सरळ उजेडात रेघ दिसत नाही.

तिरप्या उजेडात पाहा.

रेघा आहेत.

समांतर रेघा. त्यांच्या मध्ये, तिरक्या जाऊन एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. पुन्हा समांतर. फुल्याफुल्यांचे दोन पट्टे, दोन्ही बाजूंनी रेघांनी बांधलेले.

पक्ष्याने या काढल्या नाहीत.

इथे मन लगेच पळू लागते. कोणी काढल्या? कशासाठी? जाळे आहे का? टोपली आहे का? मोजदाद आहे का? पळू द्या त्याला. दमले की येईल.

एक शंका तेवढी इथेच ठेवून जाऊ, कारण ती रास्त आहे. जमिनीत गाडलेल्या कवचावर झाडांची मुळे चढतात आणि त्यांच्या आम्लाने नक्षीसारखे चरे पडतात. भारतात कोरीव म्हणून पुढे आलेले बरेच तुकडे नीट तपासल्यावर मुळांचे काम निघाले. पाटण्याचा तुकडा त्या तपासणीत टिकला. या रेघा सरळ आहेत, आखलेल्या आहेत, जिथे थांबायचे तिथे थांबल्या आहेत.

म्हणजे हात होता.

हाताकडे पाहू.

चेहरा नको. चेहरा आपण उगाच काढू, आणि चुकीचा काढू. फक्त हात.

डाव्या हातात कवच. उजव्या हातात दगडाचे पाते. लाव्हाच्या बुडबुड्यात भरलेली ती गार आठवते? ती इथे आली आहे. तिचे पाते झाले आहे, आणि त्याची धार कवचाला लागते आहे.

कवच कठीण आहे. एका ओढीत रेघ उमटत नाही. टोक घसरते. पुन्हा त्याच जागी आणावे लागते.

पुन्हा.

पुन्हा.

बारीक पांढरी पूड निघते. कोणीतरी ती फुंकते.

तुम्हीही हलके फुंका.

आता उजव्या हाताचे पहिले बोट डाव्या तळहातावर ठेवा. नख लागू देऊ नका. एक तिरकी रेघ काढा. सावकाश, एका श्वासाएवढी.

तिला छेदणारी दुसरी.

पहिलीच्या शेजारी तिसरी. तेवढ्याच अंतरावर.

अंतर सारखे ठेवायला किती लक्ष लागते ते पाहा. त्या माणसाचेही लागले असणार. निदान रेघ चालू असेपर्यंत त्याचे चित्त दुसरीकडे कुठे नव्हते, हे कवच सांगते. अर्थ सांगत नाही. एवढे सांगते.

मला तेवढे पुरते. तुम्हाला पुरले नाही तर आणखी एक रेघ काढा.

बोट थांबवा. तळहातावर रेघा नाहीत, पण त्यांची हुळहुळ आहे. ती विरेपर्यंत थांबा.

पाटण्याला शहामृगाच्या कवचाचे मणीही मिळाले आहेत. लहान, चपटे, गोल. तुकडा घासून गोल करायचा, मध्ये भोक पाडायचे. भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटक्यालाही असे मणी आहेत. दक्षिण आफ्रिकेत डीपक्लूफच्या गुहेत तर साठ हजार वर्षांपूर्वीच्या कवचांवर आखीव रेघा आहेत, पुन्हा पुन्हा त्याच धाटणीच्या. तिथल्या लोकांनी ही अंडी पाणी साठवायला वापरली. आपल्याकडे तसे होते का, याच्या मागे आपण लागणार नाही.

भोकाकडे पाहा. मण्याच्या मधल्या भोकाकडे.

पिल्लासाठी कवचाला छिद्रे होतीच. दिसतील न दिसतील अशी. माणसाने त्यात एक मोठे पाडले. पहिल्यांतून हवा गेली. यातून दोरा गेला.

दोरा कुजला. तो आता कुठल्याच थरात नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आणि पक्षी?

२०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी भारतातल्या अशाच जुन्या कवचांची पूड करून तिच्यातून डीएनए मिळवला. जुळवून पाहिला. आज आफ्रिकेच्या माळावर धावतो त्याच शहामृगाशी तो जुळला. तोवर हाडे कमी आणि कवचे फार, असाच सगळा पुरावा होता. पक्ष्याने स्वतःची ओळख भिंतीत ठेवली होती.

अडीच मीटर उंची. ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत धाव. उडणे नाही.

त्याला एकदा धावू द्या. डोळे मिटून. गिरणेच्या दिशेने, उतारावरून, गवतातून. पायांचा आवाज जमिनीतून येतो. मान स्थिर आहे, पाय दिसत नाहीत इतके जलद. धूळ त्याच्या मागे उभी राहते.

त्याच्यामागे जाऊ नका.

हिमयुगाच्या सरत्या काळात भारतातून तो नाहीसा झाला. पाऊस वाढला, माळ बदलले, माणसे अंडी नेत होती. कारण एकच सांगणारा भेटला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही, आणि त्याचे ऐकणारही नाही.

धूळ खाली बसेपर्यंत बसा.

आता हात उघडा. बोटे हलवा. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जागेवर पाय आपटलात तरी चालेल.

एक कामाची गोष्ट सांगून थांबतो, कारण हे वाचणाऱ्यांत कोणाचे तरी शेत नाल्याकाठी असेल.

पावसाळ्यानंतर नाल्याचा काठ ढासळतो. ढासळलेल्या जागी कधी पिवळट, किंचित वळलेला, दोन मिलीमीटर जाडीचा तुकडा दिसला, त्यावर टोचल्यासारखे बारीक खळगे असले, तर तो मडक्याचा नसू शकतो. खिशात घालू नका. धुऊ नका. थरातून सुटलेला तुकडा स्वतःचे वय कदाचित सांगेल, पण त्याच्या शेजारी काय होते ते सांगू शकणार नाही. तो आहे तिथेच राहू द्या, वरून किती हात खाली आहे ते पाहा, फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.